दाराचा रंग अजून ठरलेला नाही

साताऱ्याबाहेर, शेवटच्या रिक्षा थांब्याच्या पुढे आमचं घर उभं राहिलं, तेव्हा कामांच्या यादीत एकच ओळ खोडायची राहिली होती : पुढच्या दाराचा रंग. नळ, वायरिंग, कौलं, सोप्याचे खांब, मागची मोरी, पाण्याची टाकी, सगळं ठरल्या आठवड्यात उरकलं होतं. मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. कुठली वस्तू कुठल्या फडताळात आहे, किती उरली आहे, कधी मागवायची, हे डोक्यात आणि कागदावर दोन्हीकडे ठेवायची मला सवय आहे. घर बांधतानाही मी तेच केलं. गवंडी मला घाबरत होते असं नवरा म्हणतो. घाबरत नव्हते, फक्त वेळेवर येत होते.

घर जुन्या धाटणीचं बांधायचं ही नवऱ्याची हौस. तो फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाला. उमेदीची सगळी वर्षं एकसारख्या सरकारी क्वार्टरांत काढल्यावर त्याला उतरती कौलं, लाकडी खांबांचा सोपा आणि कडी-कोयंड्याचं दोन झडपांचं दार हवं होतं. मला माझी आई हवी होती.

आई जत तालुक्यातल्या आमच्या गावी एकटी राहते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, मला भाऊ नाही. दोन खोल्यांचं घर, थोडी शेरडं, पाऊस झाला तर ज्वारी. उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा ती घागर घेऊन रांगेत उभी असते आणि तिचे गुडघे दुखत असतात. मी इकडे कारखान्यात बोल्ट-नटांचे खोके मोजताना घड्याळ बघते आणि म्हणते, आता टँकर आला असेल. तिला आण म्हणून नवरा माझ्याआधीपासून सांगतोय. पण तिचं एकच उत्तर : "लेकीच्या घरी पावणी म्हणून जावं. ऱ्हायला जाऊ न्हाई."

पायाभरणीला मात्र ती आली होती. नारळ फुटला, सगळ्यांचे चेहरे उजळले, आणि त्या भरात मी सगळ्यांसमोर विचारलं, "आये, आता तरी येशील ना?" ती पदर सावरत म्हणाली, "घर पुरं हू दे. मग येती."

नवऱ्याने लगेच पकडलं. "मामी, शब्द दिला हां."

आई जावयासमोर थेट बोलत नाही. तिने माझ्याकडे बघून उत्तर दिलं, "पावण्यास्नी सांग, दिला म्हणून."

दाराचं लाकूडही तिनेच दिलं. आमच्या बांधावरचा लिंब वळवाच्या वाऱ्यात उन्मळून पडला होता. गावातल्या वखारवाल्याने मागितला तर तिने दिला नाही. "लेकीच्या दाराला लागंल," म्हणाली. लिंबाला वाळवी लागत नाही, म्हणून सुतार खूश होता. पण पॉलिश यावर खुलणार नाही, रंगच द्या, असं त्याने सांगितलं. पेंटरने अस्तराचा हात मारला. प्रायमरचा तो रंग गुलाबी, लहान मुलांच्या औषधासारखा. "चार दिवसांत वरचा रंग सांगा म्याडम," म्हणाला.

लाकूड आईचं, तर रंगही तिनेच सांगायचा, असं मी ठरवलं. तसं केलं की दार तिचंही होईल, असा माझा हिशोब. एका रविवारी शेड कार्ड पिशवीत घालून निघाले. साताऱ्याहून सांगली, सांगलीहून जतची गाडी. मिरज मागे पडलं की उसाची हिरवी भिंत हळूहळू उतरते, जमीन उघडी होत जाते, आणि माझा श्वास मोकळा होतो. माझी सासरची माणसं म्हणतात, तिकडं बघण्यासारखं काय हाय? नजर अडत नाही, एवढंच तिथे बघण्यासारखं आहे.

आईने शेड कार्ड उंबऱ्यात बसून उन्हाला धरलं. पापड उलटावा तसं एकेक पान उलटत गेली.

"एवढं रंग? आन ह्यातला एकच लावायचा व्हय?"

"एकच."

"मग बाकीचं छापलं कशाला?"

शेजारच्या खोपटातून चुलती आली. ही आईची धाकटी जाऊ. तिच्या तोंडाला कुलूप नाही आणि आईला तिच्यावाचून करमत नाही. ती आईला आक्का म्हणते. दोघी कार्डावर वाकल्या.

"आक्का, ह्यो बघ. कोवळ्या मक्यागत."

"व्हय. ह्यो बरा." आईने हिरव्यावर बोट ठेवलं. "ह्योच लाव."

मी तिथल्या तिथे पेंटरला फोन केला. सोमवारी तो डबा आणणार होता. सोमवारी सकाळी मी कारखान्याच्या गेटवर असताना आईचा फोन आला.

"हिरवा नगं गं. रातभर इचार केला. हिरव्या झाडात हिरवं दार दिसायचं न्हाई."

"आपल्या दारात अजून झाडं कुठं आहेत?"

"पुढं वाढतील की."

मी पेंटरला थांबवलं. कार्डावरचे छोटे चौकोन तिला कळत नसतील, असं मला वाटलं. म्हणून दाराच्या लाकडाचे उरलेले तुकडे घेतले, त्यांवर पेंटरकडून चार रंग चढवून घेतले, वाळवले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि पुन्हा जतची गाडी पकडली. अशी तयारी मी कारखान्यातल्या खरेदीलाही करते : नमुना हातात असला की निर्णय लवकर होतो.

आईने तुकडे ओळीने भिंतीला टेकवले. निळ्याकडे बघून म्हणाली, "टँकरचा रंग हाय ह्यो. उन्हाळाभर त्येच बघती. तुझ्या दारात बी त्येच बघू?" तपकिरीला, "ह्यो च्यागत. दार कुठलं आन भित कुठली, म्हाताऱ्या माणसाला कळायचं न्हाई." पिवळ्याला, "शाळंची गाडी." चौथा मरून होता. तो तिने हातात घेतला, नखाने खरवडला, परत ठेवला. "चांगला हाय. पर लय चांगला हाय. असा रंग असला की माणूस चप्पल काढून बी आत यायचं न्हाई."

चुलती हसून हसून भिंतीला टेकली.

मला हसू आलं नाही. गुलाबी दार बघून साताऱ्यात येणारा-जाणारा विचारत होता. नवऱ्याचे फौजेतले मित्र चहाला आले की म्हणत, "काय सुभेदार, पोरीचं बारसं हाय का काय?" वास्तुशांतीसाठी गुरुजी तारीख मागत होते. आणि आई शेडमागून शेड नाकारत होती.

मग मला वाटलं, आपणच चुकतोय. तिला कार्डावरचा रंग पसंत पडणारच नाही. तिला आमच्या दाराचा रंग हवा असेल.

आमचं दार म्हणजे मी लहान असतानाचं. तेव्हा आमची मेंढरं होती. दिवाळी झाली की वडील कळप घेऊन पश्चिमेला जायचे, चाऱ्यामागे, पाण्यामागे, आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. शाळा होती म्हणून आई आणि मी गावात. निघायच्या आधी मेंढरांवर खूण घालायची. वडील गेरू तेलात कालवायचे, लोखंडी घमेल्यात, काठीने बराच वेळ ढवळत. प्रत्येक घराची खूण वेगळी. कुणाची मानेवर, कुणाची पाठीवर आडवा पट्टा. आमची मागच्या उजव्या फऱ्यावर, म्हणजे मांडीवर, गोल, तळव्याएवढी. मेंढरू दुसऱ्याच्या कळपात शिरलं तर खूण बघून लोक परत आणून देत. मी मेंढरू धरायची, वडील पंजा बुडवून एकदाच टेकवायचे. उरलेला रंग टाकून द्यायचा नाही. आई चिंधी घेऊन बसायची आणि तो दाराला पुसायची. म्हणून आमच्या दाराचा आणि आमच्या मेंढरांचा रंग एकच.

कळप निघून गेला की गावात एकदम शांत व्हायचं. लेंड्यांचा वास आठवडाभर राहायचा, मग तोही जायचा. मी शाळेतून आले की दाराला पाठ लावून बसायची. नव्या तेलाचा वास तिथेच होता. उन्हाने ते दार महिन्यामहिन्याला फिकं होत जायचं, वरच्या बाजूला आधी, खाली कडीजवळ शेवटी. आणि पहिले ढग आले की एखाद्या दिवशी पश्चिमेच्या वाटेवर धूळ दिसायची. कळप जवळ आला की मी आधी वडिलांकडे नाही, मेंढरांच्या फऱ्याकडे बघायची. खूण काट्याकुट्यांनी, उन्हाने पार उडालेली असायची, आमच्या दाराएवढीच. वडील घोंगडी दारात टाकून बसायचे आणि फळीवरून हात फिरवायचे. "औंदा ऊन लय पडलं जणू इकडं," म्हणायचे.

पुढे मेंढरं विकली. वडिलांनी बोअर मारली, ती कोरडी लागली, तरी ते शेतकरीच राहिले. दारावर दुकानातला ऑइलपेंट आला. त्याखाली कुठेतरी तो गेरू अजून असेल.

तो रंग कुठल्याच कार्डात नाही. विटकरी आहे, पण ती भाजलेली दिसते. मी साताऱ्यातल्या पूजेच्या सामानाच्या दुकानातून गेरू आणला, जवसाच्या तेलात कालवला, झाकणाच्या डब्यात भरला. थोडा लिंबाच्या तुकड्यावर पुसून बघितला आणि मोरीच्या दारात तो तुकडा हातात धरून उभीच राहिले. नवरा म्हणाला, "काय झालं गं?" मी म्हटलं, काही नाही, वास बघतेय.

तो तुकडा घेऊन तिसऱ्यांदा गेले. आई शेरडांना पाला टाकत होती, चुलती शेंगा फोडत बसली होती. मी तुकडा आईच्या हातात दिला. तिने तो नाकाशी नेला. मग उलटा केला, सुलटा केला.

"आये, हाच लावते. आपला रंग."

तिने तुकडा माझ्या पिशवीवर ठेवून दिला.

"त्यो मेंढरांचा रंग हाय. हरवलेलं जित्राब वळखायला. तुझ्या दाराला कशापायी? तू काय हरवलीयास व्हय?"

मी उगाच पिशवीची चेन लावत बसले. ती लागत नव्हती.

चुलतीने शेंगांचं सूप बाजूला केलं. "आक्का, आता पुरं कर की. सांग लेकीला."

"तू गप."

"गप का म्हणून? पोर सातारा-जत करून दमली." ती माझ्याकडे वळली. "आगं, तिला कसला रंग ठरवायचाय? रंग ठरला की दार पुरं. दार पुरं की घर पुरं. घर पुरं झालं की हिला बोचकं बांधाया लागतंय. शब्द देऊन बसलीया न्हवं पावण्यास्नी."

आई उठली आणि गरज नसताना शेरडाचं दावं सोडून परत बांधलं. पाठमोरीच बोलली.

"मला काय तू नगंशी हाईस व्हय? पर तिथं मी कोन? पावणी म्हणून चार दीस गोड लागतंय. पाचव्या दिशी तुझ्या सासरची माणसं म्हंत्यात, हिला कोन न्हाई का. हितं टँकर असू दे, गुडघं असू देत. दार माझं हाय. कवा उघडायचं, कवा लावायचं, कुनाला इचारत न्हाई मी."

मग वळून म्हणाली, "शब्द मोडायचा न्हवता. म्हणून लांबवीत हुते."

इतके दिवस मी रंगाचा प्रश्न सोडवत होते. नमुने, तुकडे, फोन. ती ज्या दाराबद्दल बोलत होती ते वेगळंच होतं, आणि तिचं म्हणणं खोटंही नव्हतं. तिथे अन्न मिळेल, औषध मिळेल, बाहेरगावी शिकणारी नातवंडं फोनवर बोलतील. पण कडीवरचा हात तिचा नसेल.

चहा झाला. परतीच्या गाडीला वेळ होता. मी चपला घालताना, कामाचं बोलावं तसं बोलले :

"बरं. रंग राहू दे. पण पेंटर आणि सुतार माझं ऐकत नाहीत. मी दिवसभर कामावर. झडप खाली घासतेय, फटीत लुकण नीट भरलेलं नाही. लाकूड तुझं. काम बघायला तर येशील? रंग ठरेपर्यंत."

आईने डोळे बारीक केले. तिला सगळं कळलं होतं. मला कळलं की तिला कळलं.

"कामावर ध्यान द्यायला?"

"व्हय."

"त्ये येगळं," ती म्हणाली. "कामाला मानूस लागतंयच."

"आता बघ!" चुलतीने कपाळावर हात मारला. "मुकादम निघाली साताऱ्याला! शेरडं कोन बघनार? मीच बघनार!"

पुढच्या आठवड्यात आई आली. बोचकं लहान, मुक्कामाचं नाही. काठी मात्र बरोबर. नवरा स्टँडवर घ्यायला गेला होता आणि मी त्याला बजावून ठेवलं होतं, राहायला आलात असं चुकूनही म्हणायचं नाही. तो फौजी माणूस, हुकूम पाळतो. "या मामी," तो म्हणाला, "काम लय रखडलंय."

तिने सोप्यात, दारासमोर, खांबाला टेकून बैठक मारली. पेंटर आला की ती बोट दाखवायची. "हितं खरबरीत हाय. हात फिरवून बघा." पेंटर मला बाजूला घेऊन म्हणाला, "म्याडम, रंग कवा द्यायचा?" मी म्हटलं, मी सांगेपर्यंत द्यायचा नाही. सवडीने या, पॉलिश पेपर मारा, जा. त्याने माझ्याकडे, मग आईकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्याचीही आई असेल कुठेतरी.

शेजारची बाई एकदा विचारायला आली, "आज्जी, लेकीकडं ऱ्हायला आला व्हय?" आई म्हणाली, "छ्या. काम चालू हाय. बघाया आलीया." कारखान्यातून परत येताना वळणावरून मला सोपा दिसतो. त्या दिवसांत तिथे ती दिसायची, गुलाबी दारासमोर काठी आडवी ठेवून. मी रिक्षा वळणावरच सोडायची आणि उरलेलं अंतर चालत यायची, जरा जास्त वेळ दिसावी म्हणून.

सात-आठ दिवसांनी ती म्हणायची, "शेरडं बघाया हवीत." आणि जायची. महिन्याभराने मी फोन करायची, झडप पुन्हा घासतेय. ती यायची. या उन्हाळ्यात झडप बरीच घासली. टँकरचे दिवस तिने आमच्या सोप्यातच काढले, आणि तिकडे पाऊस झाल्याची चुलतीची बातमी येईपर्यंत शेरडांचं नाव काढलं नाही. वास्तुशांत झालेली नाही. गुरुजींनी विचारणं सोडलं. नवऱ्याच्या मित्रांना चहाबरोबर एकच उत्तर मिळतं : "काम चालू आहे." यादीतली ती ओळ मी खोडलेली नाही. दुसऱ्या कुठल्याही कामाची ओळ इतके दिवस उघडी राहिली असती तर मला झोप लागली नसती.

पावसाची बातमी आल्यावर ती गावाला निघाली, त्या सकाळी मी तिच्यासाठी डबा भरत होते. सोप्यातून काही आवाज नव्हता, म्हणून बाहेर आले. तिने मोरीच्या फळीवरचा गेरूचा डबा शोधून काढला होता. वर तेल तरंगून आलं होतं. ती काडीने ढवळत होती, बराच वेळ, खाली बसलेला रंग वर येईपर्यंत. मी पुढे गेले नाही.

मग तिने गुडघ्यावर हात देऊन वाकून तीन बोटं बुडवली, आणि दाराच्या उजव्या झडपेवर, खाली, मेंढराचा फरा जेवढ्या उंचीवर येतो तिथे, गोल टिळा टेकवला. एकदाच. हात पदराला पुसला.

"आये, हे काय?"

"काय न्हाई. चाचणी." तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. "वाळल्यावर कसा दिसतोय बघ. मला फोनवर सांग."

"आणि रंग?"

"त्यो पुढल्या बारीला ठरवू."

नवऱ्याने तिला सांगलीच्या गाडीत बसवलं. मी कामावर गेले. संध्याकाळी वळणावर रिक्षा सोडली आणि सवयीने चालत आले. सोपा रिकामा होता. खांबाजवळ तिची बसायची चटई तशीच होती, कारण ती उचलायची नाही असं मी सांगून ठेवलंय. दारापाशी वाकून बघितलं. टिळा अजून ओला होता, थोडं तेल खाली ओघळलं होतं.

तिला फोन लावला. तिने उचलला, मागे शेरडं ओरडत होती.

"वाळला का?"

"नाही अजून."

"तेल लय घातलंस तू," ती म्हणाली. "येळ लागंल."

फरशी पुसणाऱ्या बाईला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, दार वरून पुसत जा, त्या जागेला फडकं लावू नको. ती म्हणाली, "बाई, डाग पडलाय तिथं." मी म्हटलं, असू दे.